दीड गोळी

कल्पना करा, सकाळ आहे आणि तुम्ही एका माणसासमोर स्टुलावर बसला आहात. तुमच्या हातात पाण्याचा पेला आहे, त्याच्या तळहातावर गोळ्या आहेत. काम सोपं आहे. त्याने एक गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, गिळायची. मग तुम्ही म्हणायचं, "आ कर." त्याने आ केला की दोन्ही गाल आतून बघायचे. "जीभ वर कर." जिभेखाली बघायचं. काही नसेल तर पुढची गोळी. सगळ्या संपेपर्यंत उठायचं नाही. त्याला मळमळलं तर बसून राहायचं, रडला तर रडू द्यायचं, शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. उद्या परत यायचं. परवा परत. असे महिनोन्‌महिने.

आता यात एकच गोष्ट बदला. या माणसाने तुमचा नवरा मारला आहे, अशी तुमची खात्री आहे. आणि या गोळ्या त्याला वाचवणार आहेत.

ज्या बाईबद्दल मी लिहितोय, तिने हे काम मागून घेतलं होतं.

छातीच्या दवाखान्यात तिला सगळे जीभबाई म्हणतात. मी तिथे थुंकीचे नमुने तपासतो, त्यामुळे माझी आणि तिची ओळख काचेच्या खिडकीतून झाली. पेशंटच्या डब्या ती आणून द्यायची आणि "नीट बघ, डोळे फाडून बघ" असं सांगून जायची. बुटकी, रुंद मनगटांची बाई. एका मोठ्या धुलाईखान्यात ती गरम रोलरवर चादरी सोडते, त्या वाफेने तिचा चेहरा कायम लालसर असतो. तिला स्वतःला औषधांना दाद न देणारा क्षय झाला होता आणि त्यातून ती बरी झाली. अशा बऱ्या झालेल्यांना दवाखाना नव्या पेशंटवर नजर ठेवायला बोलावतो, कारण डॉक्टरांना फसवता येतं, पण ज्याने स्वतः त्या गोळ्या गिळल्या आहेत त्याला नाही. धुलाईखान्याची पाळी सुरू होण्याआधी ती पेशंटच्या घरी जायची, तोंडाला घट्ट मास्क लावून, गेल्या गेल्या खिडक्या सताड उघडत.

तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही पेशंटने उपचार मधेच सोडला नव्हता. लोक म्हणायचे, माया आहे हो बाईच्या पोटी. ती हे ऐकून हसायची. तिच्या पोटात काय होतं ते मला पुढे कळलं.

तिचा नवरा आणि दीर, दोघेही पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. नवरा उंच, थोडा वाकून चालणारा. दीर त्याच्या खांद्यालाही लागत नव्हता. कारखान्यात थोरल्याला शिडी म्हणायचे आणि धाकट्याला पायरी. शिडी दिसली की मागोमाग पायरी येणार, असा तिथला विनोद होता. घरातही तेच. धाकटा तेव्हा बिनलग्नाचा होता, दोन खोल्यांच्या घरात त्यांच्याबरोबरच राहायचा. ती त्याला भाऊजी म्हणायची, अहोजाहो करायची, आणि दोघा भावांचे कपडे एकाच बादलीत भिजवायची.

सासूचा एक स्वभाव होता. घरात आलेली कुठलीही वस्तू ती दोन मुलांत सारखी वाटायची. नवा साबण आणला तरी सुरीने त्याचे दोन तुकडे व्हायचे. एक पांघरूण उरलं तेव्हा तेही तिने मधोमध कापलं होतं, त्यामुळे शिडीचे पाय हिवाळाभर उघडे राहिले. "माझे दोन डोळे आहेत," असं म्हणायची, "एकात काजळ आणि एकात माती, असं माझ्या घरात चालायचं नाही." सून हसून सोडून द्यायची.

नवऱ्याला क्षय झाला तेव्हा तो साधा होता. साधा म्हणजे नेहमीच्या औषधांनी सहा महिन्यांत बरा होणारा. रोज तीन लालसर गोळ्या, उपाशीपोटी. गोळ्यांची पानं घरी मिळायची आणि गिळताना बघायला कोणी यायचं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यातल्या एका औषधाने लघवी नारिंगी होईल, घामाचाही रंग बदलेल, घाबरू नका. तशी ती घाबरली नाही. त्याच्या बनियनच्या काखेत नारिंगी झाक यायला लागली, ती तिने घासली, गेली नाही, सोडून दिली.

सहा महिने झाले, पण खोकला गेला नाही. पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की जंतू आता त्या औषधांना भीक घालत नाहीत. मग इंजेक्शनं आली. या रोगावर तेव्हा अजून इंजेक्शनंच द्यायचे. इंजेक्शनांनी त्याचे कान गेले. ती त्याच्या उशाशी बसून बोलायची आणि तो तिच्या ओठांकडे बघून मान डोलवायचा, बहुतेक वेळा चुकीच्या जागी. दरम्यान दिराने लग्न केलं आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. सासू एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेली. आणि नवरा त्यानंतर, वजनाने इतका हलका होऊन, की उचलणाऱ्यांना दोघंच पुरले.

त्याचे कपडे आवरताना तिला तो बनियन सापडला. काखेत नारिंगी डाग, न गेलेले. तिने घडी घालायला तो पसरला आणि हात थांबला. बनियन लहान होता. शिडीच्या अंगात तर चढलाच नसता. तो पायरीचा होता.

कपडे धुणाऱ्या बाईला डागाबद्दल शिकवावं लागत नाही. हळदीचा, गंजाचा, चहाचा, प्रत्येकाचा रंग तिला वेगळा दिसतो. हा रंग फक्त त्या गोळ्यांचा होता. म्हणजे दिरानेही गोळ्या घेतल्या होत्या. आणि दवाखान्यात दिराचं नाव कधीच नव्हतं. मग गोळ्या कुठून आल्या? तिला सासूचा हात दिसला, साबण कापणारा. धाकटाही तेव्हा खोकत होता, हे तिला आठवलं. दवाखान्यात गेला असता तर कारखान्यातून गेला असता, कारण दोन्ही भाऊ खोकताहेत म्हटल्यावर मालकाने दोघांनाही दार दाखवलं असतं. मग आईने वाटणी केली. तिच्या दोन डोळ्यांत सारखं काजळ.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझं रोजचं काम हेच आहे. औषध पुरेसं असेल तर सगळे जंतू मरतात. अर्धं असेल तर नाजूक तेवढे मरतात आणि चिवट मागे राहतात. त्या चिवटांची पिल्लंही चिवट. मग तेच औषध पुरेसं दिलं तरी ते हलत नाहीत. साप अर्धवट ठेचून सोडला तर डूख धरतो म्हणतात, तसंच. अर्ध्या गोळ्यांनी दोन्ही भावांच्या छातीत डूख धरलेले साप ठेवले. थोरल्याचा लगेच उलटला. धाकट्याचा झोपून राहिला, आणि धाकटा मात्र बरं वाटलं म्हणून लग्न करून बसला.

बनियन घेऊन ती तडक दिराच्या दारात गेली. दार त्यानेच उघडलं. मागे त्याची गरोदर बायको उभी होती.

"भाऊजी, हे काय आहे?"

त्याने बनियनकडे पाहिलं, मागे बायकोकडे पाहिलं.

"घाम आहे वहिनी. जुना घाम."

"तुम्ही त्यांच्या गोळ्या घेत होतात."

"तुमचं डोकं ठिकाणावर नाहीये. घरी जा."

आणि त्याने दार लावलं. जोरात नाही, हळू लावलं. ते हळू लावणं तिला जास्त लागलं. बंद दाराला ती म्हणाली, "एक दिवस तू मला तोंड उघडून दाखवशील." अहोजाहो त्या दारात संपलं.

मग तिची स्वतःची थुंकी लाल झाली. नवऱ्याचाच जंतू, तोच चिवट. तोपर्यंत नवी औषधं आली होती, इंजेक्शनं गेली होती, पण गोळ्या मूठभर आणि दीड वर्षांहून जास्त. त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते, पाय बधिर होतात, तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव येते. ती बरी झाली. कशी, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गोळी कडू होती. पण माझ्या मनात होतं ते तिच्याहून कडू. म्हणून गोळी गोड लागली."

ही सगळी वर्षं बनियन ट्रंकेत होता. धुतलेला, इस्त्री केलेला.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावलं. "नवा पेशंट आहे. प्रतिरोधी क्षय. बायको मुलीला घेऊन माहेरी गेलीय, बरा झाल्याशिवाय येणार नाही म्हणते. एकटा राहतो. मला तो मधेच सोडणाऱ्यातला वाटतो. घेशील का?"

बाकावर दीर बसला होता. गळ्याची हाडं बाहेर आलेली, हातात फुप्फुसाच्या फोटोचं पाकीट. मान खाली.

"ओळखीचा आहे का?" डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा बघून विचारलं.

"बघितल्यासारखा वाटतो," ती म्हणाली. "द्या मला."

पहिल्या दिवशी तिने त्याच्या खोलीची दोन्ही तावदानं उघडली, स्टूल ओढलं आणि गोळ्या मोजून त्याच्या हातावर ठेवल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही कशाला? दुसरं कोणी नव्हतं का?"

"इथे वहिनी कोणी नाही. जीभबाई म्हण. गीळ."

त्याने गिळली.

"आ कर."

त्याने आ केला. त्या दारात केलेली भविष्यवाणी खरी झाली होती. तिला वाटलं होतं, अशा क्षणी छातीत काहीतरी मोकळं होईल. तसं काही झालं नाही, उलट भूक वाढली.

"चव कशी आहे?"

"कडू."

"दादाच्या गोड होत्या का रे?"

त्याने पुढची गोळी उचलली.

हा तिचा रोजचा खुराक झाला. ती वेळेआधी जायची आणि त्याला झोपेतून उठवायची. त्याची कातडी तपकिरी व्हायला लागली तेव्हा तिने भिंतीवरचा आरसा उतरवून त्याच्या समोरच ठेवला. "बघ, आतला रंग बाहेर यायला लागला. औषध लागू पडतंय." तो ओकारी दाबत बसायचा, ती शांतपणे बघत राहायची. त्याला उलटी झाली तर ती मास्कच्या आड हसते की काय, असा त्याला संशय यायचा. तो खरा होता. हे तिनेच मला सांगितलं, लाज न वाटता.

"एक दिवस सुट्टी द्या," तो म्हणायचा. "एकच. सगळं अंग चावतंय."

"तुझ्या दादाला सुट्टी मिळाली. कायमची. हवी का तसली?"

"तुम्ही माणूस आहात का कोण?"

"मी तुझी भाऊबंद. आ कर."

एकदा त्याने तिला फसवायला बघितलं. उजवीकडे मागे त्याची एक दाढ नव्हती, त्या खळग्यात गोळी बसते हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने आ केला, जीभ वर केली, सगळं स्वच्छ. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"दाढेच्या जागी आहे ती बाहेर काढ."

"कसली?"

"पायरी, ती दाढ उपटली तेव्हा तू आईचा पदर धरून रडत होतास आणि रक्त थांबेपर्यंत कापसाचा बोळा मी दाबून धरला होता. घोडा झाला होतास तेव्हा. तुझ्या तोंडातला प्रत्येक खळगा मला पाठ आहे. काढ आणि गीळ."

त्याने बोटाने गोळी पुढे आणली आणि गिळली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कडवटपणाचं असेल.

आणि तरीही तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. त्याचे पाय बधिर व्हायला लागले तेव्हा तिने त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि एका औषधाचं प्रमाण कमी झालं. त्याची डबी घेऊन ती माझ्या खिडकीवर यायची. चौथ्या महिन्यात थुंकीत जंतू दिसेनासे झाले तेव्हा मी तिला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, "अजून खूप बाकी आहे." मला वाटलं, सावध बाई आहे.

मग ती सकाळ आली.

ती गेली तेव्हा तो पाण्याच्या पिंपाला टेकून जमिनीवर बसला होता. ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काही नाही. अंधारी आली. छातीत मधूनच फडफडतं, पाखरू अडकल्यासारखं. काल रस्त्यातही पडलो." मग तो घाईघाईने म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना सांगू नका. त्या औषध थांबवतील, पुन्हा पहिल्यापासून म्हणतील. माझी पोरगी फोनवर विचारते, बाबा कधी संपणार. तुमच्या पाया पडतो, सांगू नका."

तिची नजर फळीवर गेली. तिथे एक पान होतं, अर्धं संपलेलं. उलटी थांबवायच्या गोळ्या. औषधाच्या दुकानातून विचारल्याशिवाय आणलेल्या.

पेशंटवर नजर ठेवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, बेडाक्विलिन नावाची गोळी चालू असताना न विचारता दुसरी कुठलीही गोळी नाही. ही गोळी जंतूंचा काळ आहे, पण हृदयाच्या ठोक्याला थोडी रेंगाळायला लावते. उलटीची काही औषधंही तेच करतात. दोन्ही एकत्र आली आणि उलट्यांनी अंगातले क्षार घटले, की ठोका इतका रेंगाळतो, की एखाद्या वेळी पुढचा येतच नाही.

तिला हे ठाऊक होतं. आणि तो हात जोडून तिला गप्प राहायला सांगत होता.

"बरं," ती म्हणाली.

गोळ्या न देताच ती जिना उतरली. एवढी वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट त्यानेच ताटात वाढून दिली होती. तिला काहीच करायचं नव्हतं. आणि काही न करण्याला खून म्हणत नाहीत. सासूनेही कोणाला मारलं नव्हतं, फक्त वाटणी केली होती. दिरानेही कोणाला मारलं नव्हतं, फक्त हात पुढे केला होता. आता तिची पाळी, तिनेही फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

धुलाईखान्यात ती रोलरसमोर उभी राहिली. ओली चादर या बाजूने जायची, कोरडी त्या बाजूने यायची. तिने त्याचं मरण डोळ्यांसमोर आणलं. पिंपाशी पडलेला. मग लोक आलेले. जाऊ, कडेवर पोर. लोक म्हणताहेत, बिचारी वहिनी, किती केलं तिने दिराचं. इथपर्यंत सगळं छान जमत होतं. मग तिला दिसलं की तो पडला आहे आणि त्याचं तोंड मिटलेलं आहे, आणि आता ते कोणाच्याही सांगण्यावरून उघडणार नाही. तिने रोज सकाळी त्याच्या तोंडात बघितलं होतं, पण जे हवं होतं ते बाहेर आलंच नव्हतं. तू ते ठाऊक असून घेतलंस का? दादाच्या वाटच्या आहेत हे कळत होतं का? नारिंगी लघवी बघून रोज काय म्हणत होतास मनात? हा आत्ता मेला तर सगळं गिळून मरणार. आणि वर सुटणार.

चादर रोलरमध्ये वाकडी गेली. तिने यंत्र थांबवलं आणि हातमोजे काढले.

"कुठे निघालीस?" मुकादम ओरडला. "पाळी काय सासऱ्याची आहे?"

"घरातला माणूस पडलाय," ती म्हणाली. जिन्यावर आल्यावर तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिने स्वतःलाच एक शिवी दिली.

ती पोचली तेव्हा तो जागचा हललेला नव्हता. त्याला बखोटीला धरून तिने खाली आणलं आणि रिक्षात कोंबलं. "तुम्ही बरं म्हणाला होतात," तो कण्हत म्हणाला. "गप बस. मेलास तर याद राख," ती म्हणाली.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. कागदावर एक लाट असते, ठराविक जागी उतरायला हवी. त्याची लाट उतरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी उलटीच्या गोळ्यांचं पान कचऱ्यात टाकलं, त्याला दाखल करून घेतलं, क्षारांची बाटली लावली, बेडाक्विलिन काही दिवस थांबवलं. "आज रात्र निघाली नसती कदाचित," त्या तिला म्हणाल्या. "वेळेवर आणलंस." वेळेवर आणलं नव्हतं, मधे अर्धा दिवस गेला होता. तो कुठे गेला ते तिलाच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी त्याचा ठोका ताळ्यावर आला. ती त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. हातात पाणी नव्हतं, गोळ्या नव्हत्या.

"का आणलंत मला?" त्याने विचारलं. "तुम्हाला मी मेलेला हवा होतो. मला कळत नाही असं वाटलं का?"

"मेलास तर विचारू कोणाला?"

तिने पिशवीतून बनियन काढला आणि त्याच्या छातीवर ठेवला. तो बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिला.

"घाम आहे म्हणालास," ती म्हणाली. "बायको मागे होती म्हणून. आज कोणी नाहीये. आईने दिल्या तेव्हा तुला ठाऊक होतं का, कोणाच्या आहेत?"

"आईने?" त्याने मान वर केली. "आईला काय माहीत? आईला कळलं असतं तर तिने दादाला झोडपलं असतं."

"मग कोणी दिल्या?"

"दादाने."

तिने स्टूल आणखी पुढे ओढलं.

"कारखान्याच्या मागच्या जिन्यावर," तो सांगू लागला. "चहाच्या सुट्टीत, चहा घ्यायच्या आधी. मी नको म्हणालो होतो. म्हणाला, तुला नोकरी घालवून दवाखाना परवडणार नाही, दोघं मिळून बरे होऊ, थोडा उशीर लागेल इतकंच. घरून खिशात आणलेल्या तीन गोळ्या असायच्या. एक त्याला, एक मला, तिसरी तो कटरने कापायचा. दीड-दीड. कधी तुकडा वाकडा पडला तर मोठा मला द्यायचा."

"खोटं बोलतोस. मेलेला माणूस काही साक्षीला येत नाही."

"नाही येत," तो म्हणाला. "एक म्हणायचा मात्र रोज. वहिनीला सांगू नकोस, ती भांडेल."

ती उठली आणि बनियन तिथेच टाकून बाहेर गेली. खोटं आहे, असं ती जिना उतरताना म्हणत होती. खालच्या पायरीवर तिला कटर आठवलं. खोके कापायचं प्रत्येकाचं स्वतःचं असायचं, नवऱ्याचं त्याच्या खिशात असायचं, पँट धुताना ती ते काढून ठेवायची. पात्याच्या खाचेत लालसर पूड असायची. तिला वाटायचं गंज. एकदा तिने ते घासून लख्ख केलं तर त्याने तिच्या हातातून हिसकावून घेतलं होतं. "हात कापेल," म्हणाला होता. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं.

गंज इतका लाल नसतो. डागांच्या बाबतीत तिची चूक होत नव्हती. एवढ्या एकाच डागाकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं.

दिराचा उपचार पुढे चालू राहिला आणि पूर्ण झाला. ती रोज गेली. टोमणे कमी झाले नाहीत. "आता तरी राग सोडा," तो म्हणायचा, त्यावर ती म्हणायची, "दारात खोटं बोललास त्याचा हिशेब वेगळा आहे. आ कर." शेवटच्या महिन्यात त्याची डबी मी तपासली, जंतू उगवतात का ते पाहायला ठेवलेल्या नळ्या तपासल्या. सगळं स्वच्छ. जाऊ मुलीला घेऊन परत आली.

एका दुपारी तो मुलीचा हात धरून धुलाईखान्याच्या फाटकाशी आला. अंगावर मांस चढलं होतं, कातडीचा तपकिरी रंग अजून होता.

"वहिनी, माफ केलंत का?"

"नाही."

"मग काय करू?"

"आ कर."

त्याचं तोंड सवयीने उघडलं. मुलगी खिदळली आणि तिनेही आ केला. जीभबाईने दोघांच्या तोंडात नीट पाहिलं आणि म्हणाली, "जा भाऊजी. घरी जा."

तो गेला. तिचा सूड मात्र गेला नाही. त्याला फक्त आता राहायला जागा उरली नाही. सासूवर तो उगाच इतकी वर्षं ठेवला होता. दिरावर ठेवायला आता अर्धाच उरला होता, खोट्या शब्दापुरता. बाकीचा जिथे जायला हवा तिथे बसलेला माणूस आधीच ठार बहिरा होता आणि आता तर नव्हताच.

संध्याकाळी घरी आल्यावर ती नवऱ्याच्या फोटोसमोर चहा घेऊन बसते. फुलं वाहणं तिने बंद केलंय. तिने मला सांगितलं, आता रोज त्यालाच एक प्रश्न विचारते, मोठ्याने, ओठ नीट हलवून, त्याला कळेल असा. जिन्यावर बसून ती तिसरी गोळी कापत होतास, मोठा तुकडा भावाला देत होतास, दोघांचाच हिशेब करत होतास. घरी त्याच खोलीत, त्याच उशीवर, तुझ्या तोंडाशी तोंड ठेवून मी झोपत होते रे. गोळीवर पातं टेकवताना माझी आठवण एकदा तरी आली होती का?